दुकान हललं, धोरण हललं का? कोल्हापुरातल्या मंडळांसाठी आणि बचत गटांसाठी दारू नियंत्रणाची कामाची वाट

कोल्हापूर जिल्ह्यात दारू दुकानाविरुद्ध मोर्चा काढायला माणसं कमी पडत नाहीत. तालमी आहेत, तरुण मंडळं आहेत, गल्लोगल्ली बचत गट आहेत. अडतं ते मोर्चानंतर. निवेदन दिलं जातं, फोटो निघतो, दुकान काही दिवस बंद राहतं आणि मग दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या गाळ्यात सुरू होतं. परवाना तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त त्रास शेजारच्या आळीला.

याचं एक कारण अगदी रुक्ष आहे. देशी दारू दुकानांचे आणि वाईन शॉपचे नवे परवाने देणं राज्यानं १९७० च्या दशकापासून जवळपास थांबवलेलं आहे. म्हणजे तुमच्या भागात ‘नवीन’ उघडलेलं दुकान बहुतेक वेळा कुठून तरी हललेलं जुनंच दुकान असतं. त्यामुळं दुकान हटवलं म्हणजे दारू कमी झाली असं होत नाही. ती कमी व्हायची तर दर, वय, वेळ, जाहिरात आणि उपचार यांबद्दलचे नियम बदलावे लागतात, आणि ते नियम गल्लीत ठरत नाहीत. मात्र ते बदलायला लागणारा पुरावा गल्लीतच तयार होतो. दुकानाच्या भांडणात जमलेले कागद आपण फाईलला लावून विसरतो. तेच पुढं मुंबईला आणि दिल्लीला कसे न्यायचे, त्याची ही वाट.

आधी बघा, कुणाच्या हातात काय

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानं मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करणं हे राज्यसंस्थेचं कर्तव्य सांगितलंय. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या जोरावर कोर्टात जाऊन उद्या सकाळी बंदी मिळत नाही. सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या आठव्या नोंदीनं दारूचं उत्पादन, वाहतूक, खरेदी-विक्री राज्यांकडे दिली आहे, ५१ व्या नोंदीनं तिच्यावरचं उत्पादन शुल्कही. पिण्याच्या दारूला जीएसटी लागत नाही तो यामुळंच. साऱ्या देशाला लागू होईल असं एकसंध मद्य नियंत्रण धोरण आज भारतात नाही. जे आहे ते वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेलं आहे, आणि नवखी संघटना इथंच गोंधळते.

परवाना, दुकानाची जागा, वेळा, शुल्क, हातभट्टीवर कारवाई ही कामं राज्य उत्पादन शुल्क विभागाची. आपल्याकडे त्याला सगळे ‘एक्साईज’च म्हणतात. जिल्ह्यात त्यांचे अधीक्षक असतात आणि परवान्याच्या बाबतीत बरेच अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. कायदा १९४९ चा, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. बाटलीवरचा इशारा कसा असावा हे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण ठरवतं. टीव्हीवरची जाहिरात केबल नियमांखाली येते, फसवी जाहिरात ग्राहक संरक्षण कायद्याखाली. दारू पिऊन गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात बसतं: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान सामाजिक न्याय खात्याकडून येतं आणि रुग्णालयातले उपचार आरोग्य खात्याकडून.

पहिल्या बैठकीत एका मोठ्या कागदावर हे लिहून भिंतीला लावा. अधीक्षकांकडे जाहिरातीची तक्रार करून सहा महिने वाट बघण्यात काही अर्थ नाही. खासदाराला गल्लीतल्या बारची वेळ सांगण्यातही नाही.

बंदी मागायची की नियंत्रण?

यावर बैठकीत भांडण होणारच. ते आधीच करून घ्या.

आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावातल्या बायकांनी १९९२ मध्ये सुरू केलेलं आंदोलन १९९३ मध्ये अरकबंदीपर्यंत (अरक म्हणजे तिथली देशी दारू) आणि १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदीपर्यंत पोचलं. १९९७ मध्ये ती बंदी शिथिल झाली. आपल्याकडे चंद्रपूरच्या महिलांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी मोर्चा नेला, १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं ती उठवली. गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी टिकून आहे, पण तिथं डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं नुसती बंदी मागितली नाही, २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमातून गावोगाव समित्या आणि व्यसनी माणसांसाठी उपचार शिबिरं चालवली. बंदी जाहीर करणं एका मंत्रिमंडळाच्या हातात असतं आणि उठवणं पुढच्या. टिकतं ते खालचं काम.

म्हणून माझं मत: कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात, जिथं एका बाजूला गोवा, दुसऱ्या बाजूला कर्नाटक आणि मधून पुणे-बंगळूर महामार्ग आहे, तिथं एकट्या जिल्ह्याची बंदी मागण्यात शक्ती घालवू नये. गावानं आपल्या हद्दीत दुकान नको म्हणणं वेगळं. तो हक्क आहे आणि तो जरूर वापरावा. पण धोरणाच्या पातळीवर मागणी नियंत्रणाची असावी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये त्यासाठी पाच कलमी आराखडा दिला: उपलब्धता आवळा, पिऊन गाडी चालवणाऱ्यांना रोखा, तपासणी आणि उपचार सहज मिळू द्या, जाहिरात-प्रायोजकत्वावर बंदी आणा, कर वाढवून किंमत वाढवा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं २०३० पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला. त्यात २०१० च्या तुलनेत दारूचा घातक वापर २० टक्क्यांनी खाली आणण्याचं उद्दिष्ट आहे. तुमची प्रत्येक मागणी या पाचांपैकी एकीत बसवून मांडा. ‘दारूमुळं संसार उद्ध्वस्त होतात’ हे मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला माहीत असतं, त्यावर तो मान डोलावतो. ‘या तालुक्यात २१ वर्षांखालच्या मुलांना बिअर मिळते, त्याच्या या नोंदी’ म्हटलं की त्याला लेखी उत्तर द्यावं लागतं.

गट आणि पैसा

दहा-बारा माणसं पुरेत. त्यात एक वकील, एक निवृत्त सरकारी कर्मचारी ज्याला टपालाची आवक-जावक कळते, एखादी आशाताई, बचत गटाच्या दोघी-तिघी आणि शक्य असेल तर व्यसनातून बाहेर आलेला एकजण. हा शेवटचा माणूस फार मोलाचा. गटात पिणारे असतील तर असू देत. लपवाछपवी नको एवढंच.

पैशांच्या बाबतीत मात्र कडक राहा. मद्य कंपन्यांचा ‘जबाबदारीनं प्या’ छाप निधी, त्यांचा सीएसआर, बार असोसिएशनची गणपतीची वर्गणी, काहीही घेऊ नका आणि हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. उद्या सरकारपुढं सुनावणीला बसाल तेव्हा समोरचा पहिला प्रश्न हाच विचारेल. यात मंडळांची खरी परीक्षा गणेशोत्सवात असते. सोडा, पाणी किंवा म्युझिकच्या नावाखाली ओळखीच्या ब्रँडचा फलक मांडवावर लागतो, आणि तोच मंडळाध्यक्ष पुढं व्यसनमुक्तीच्या रॅलीत असतो.

कागद गोळा करणं: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

आधी नकाशा. तुमच्या प्रभागातली किंवा गावातली प्रत्येक विक्रीची जागा नोंदवा. पाटीवर परवान्याचा प्रकार असतो: सीएल-३ म्हणजे देशी दारूचं किरकोळ दुकान, एफएल-२ म्हणजे वाईन शॉप, एफएल-३ म्हणजे परमिट रूम, एफएल/बीआर-२ म्हणजे बिअर शॉपी. हे ओळखता आलंच पाहिजे, कारण शाळा, मंदिर, एसटी स्टँड यांच्यापासूनच्या अंतराची अट परवान्याच्या प्रकारानुसार बदलते. ‘शाळेजवळ दारू दुकान’ एवढंच लिहिलेली तक्रार त्यामुळंच निकालात निघते. विनापरवाना अड्डे, ढाबे, अंड्याच्या गाड्या यांची यादी वेगळी ठेवा आणि ती व्हॉट्सअॅपवर फिरवू नका.

मग माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘का’ विचारू नका, कागद मागा. मजकूर असा असू शकतो:

‘गेल्या तीन आर्थिक वर्षांत करवीर तालुक्यात स्थलांतर मंजूर झालेल्या सीएल-३, एफएल-२, एफएल-३ व एफएल/बीआर-२ परवान्यांची यादी, जुना व नवा पत्ता, मंजुरी आदेश, स्थळपाहणी व अंतर मोजणी अहवाल आणि प्रस्तावासोबतच्या ग्रामसभा ठरावांच्या प्रती मिळाव्यात.’

दुसरा अर्ज तालुक्यातल्या दरमहा विक्रीचा, प्रकारानुसार बल्क लिटरमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष द्रवाच्या लिटरमध्ये. तिसरा पोलिसांकडे: दारूबंदी अधिनियमाच्या ६५ व्या कलमाखाली आणि मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाखाली किती गुन्हे, किती दोषसिद्ध. चौथा आरोग्याचा. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, दारूच्या व्यसनासाठी वर्षभरात बाह्यरुग्ण किती आले, दाखल किती झाले, मनोविकार विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती. रुग्णांची नावं मागू नका; मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. नकार किंवा मौन आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. त्यावरही काही झालं नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे. आपल्याला पुणे खंडपीठ.

ठराव आणि स्थळपाहणीचे कागद हातात आले की ते ओळीनं वाचा. त्या दिवशी ग्रामसभेला कोण हजर होतं? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा झाली का, तिचं इतिवृत्त कुठं आहे? अंतर कुठून कुठपर्यंत मोजलं, फाटकापासून की मागच्या भिंतीपासून? स्थलांतराच्या प्रकरणांत ढिलाई असेल तर ती याच कागदांत सापडते.

तिसरा कागद तुमचा स्वतःचा. एक साधी वही: तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, कुणी पाहिलं. परमिट नसताना विक्री, अल्पवयीन गिऱ्हाईक, कोरड्या दिवशी (ड्राय डेला) मागच्या दारानं विक्री. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५ आहे, आणि पिण्यासाठी परवाना लागतो; एका दिवसाचा परवाना देशीसाठी २ रुपयांत, विदेशीसाठी ५ रुपयांत मिळतो. हा नियम बहुतेकांना विनोद वाटतो. पण तो कायद्यात आहे, आणि एखाद्या दुकानानं महिन्यात किती परवाने दिले आणि किती बाटल्या विकल्या हे दोन आकडे शेजारी ठेवले की विनोद संपतो. फोटो काढताना दुकान आणि पाटी घ्या, गिऱ्हाइकाचं तोंड घेऊ नका. रात्री एकट्यानं जाऊ नका, बाई असो वा पुरुष. हातभट्टीच्या अड्ड्यावर तर जाऊच नका. ती माहिती एक्साईजच्या १८०० २३३ ९९९९ या टोल फ्री क्रमांकावर द्या आणि तक्रारीची नोंद लिहून ठेवा.

आडवी बाटली: गणित आधी, घोषणा नंतर

मतदानानं दुकान बंद करण्याची सोय २००८ च्या शासन आदेशातून आली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तेवढ्यांनी, सह्यांचं निवेदन दिलं की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा.

अडचण गणितात आहे. एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला लागतात, झालेल्या मतदानाच्या निम्मी नाहीत. समजा गावात १,२०० महिला मतदार आहेत. तुम्हाला ६०१ मतं हवीत. मतदानाला ९०० आल्या तर त्यातल्या तिघींपैकी दोघींनी आडवीवर शिक्का मारायला हवा. घरी बसलेली बाई उभ्या बाटलीच्याच बाजूला धरली जाते. यादीत लग्न होऊन गेलेल्या लेकी असतात, मुंबई-पुण्याला राहणाऱ्या असतात, वारलेल्या आज्या असतात. सगळ्या त्या १,२०० मध्ये मोजल्या जातात. म्हणून मोहिमेचं पहिलं काम मतदारयादी दुरुस्त करणं. दुसरं, सह्या ३०० लागत असतील तर ४०० च्या वर घेणं, प्रत्येक सहीपुढं यादीतला अनुक्रमांक लिहिणं आणि नाव यादीत जसं छापलंय तसंच घालणं. माहेरचं-सासरचं नाव जुळलं नाही की सही बाद होते. तिसरं म्हणजे तारीख. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या पश्चिम भागात भाताच्या रोपलावणीत मतदान लागलं तर बायका शेतातून येणार नाहीत. बाजाराचा दिवसही नको. तारीख प्रशासन ठरवतं, पण सोयीची तारीख लेखी मागायला कुणी अडवत नाही.

महापालिका हद्दीत प्रभाग बहुसदस्यीय असल्यानं मतदारसंख्या मोठी होते. नेमकी कोणती यादी धरणार हे अर्ज करण्यापूर्वीच लेखी विचारून घ्या. मार्च २०२५ मध्ये सरकारनं विधिमंडळात महापालिका वॉर्डांतल्या मतदानाबद्दल आणि गृहनिर्माण सोसायटीच्या गाळ्यात दारू दुकान किंवा बिअर शॉपी सुरू करताना सोसायटीची ना हरकत सक्तीची करण्याबद्दल घोषणा केल्या. घोषणा आणि आदेश या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ज्या दिवशी अर्ज कराल त्या दिवशी लागू असलेल्या आदेशाची प्रत हातात हवी.

आणि मतदानाच्या आदल्या रात्री काय काय वाटलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी पोलीस बंदोबस्ताची मागणी निवेदनाबरोबरच द्या, ऐनवेळी नको.

बंद झाल्यानंतरचे पहिले आठवडे

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हातपाय थरथरतात, झोप जाते. काहींना फिट येते, भास होतात, माणूस बरळायला लागतो. दोन-तीन दिवसांत हे टोकाला जाऊ शकतं आणि यात जीवही जातो. ‘बघा कसा सुधारतोय’ म्हणत घरात कोंडून ठेवणं धोक्याचं आहे. त्याला दवाखान्यात न्यायचं. म्हणून मतदानाच्या आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी आणि सीपीआरच्या मनोविकार विभागाशी बोलून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले आजार धरलेले आहेत, त्यामुळं सरकारी दवाखान्यात उपचार मागणं हा हक्क आहे. व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १४४४६, मानसिक आरोग्याचा टेली-मानस १४४१६. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा फुकट असतात. जवळची कुठं भरते ते शोधून पंचायतीच्या फलकावर लिहा.

दुसरा धोका हातभट्टीचा. काळा गूळ आणि नवसागर मिळायला आपल्या जिल्ह्यात काहीच अडचण नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. दुकान बंद केल्याचं समाधान अशा एका रात्रीत पुसलं जातं. सराईत विक्रेत्याकडून ९३ व्या कलमाखाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायला लावा. त्यानंतरही धंदा चालू राहिला तर १९८१ च्या एमपीडीए, म्हणजे धोकादायक कारवायांना आळा घालणाऱ्या कायद्यात हातभट्टीवाल्यांच्या स्थानबद्धतेची तरतूद आहे. २०१६ च्या दुरुस्तीनं गावाला ग्रामरक्षक दल नेमण्याचा अधिकारही मिळाला. दल म्हणजे काठ्या घेऊन फिरणारी टोळी नव्हे. माहिती देणं आणि पंच म्हणून उभं राहणं एवढंच त्याचं काम. हे आधीच समजावून द्या, नाहीतर गावात दोन तट पडतात.

जाहिरात: थेट केंद्राचा विषय

इथं कमी कष्टात जास्त काम होतं, तरी फार कमी संघटना याला हात घालतात. राज्याच्या दारूबंदी अधिनियमातच २४ वं कलम मद्याच्या जाहिरातीविरुद्ध आहे. टीव्हीवर थेट जाहिरातीला बंदी आहे, म्हणून त्याच नावाचा सोडा किंवा सीडी पुढं केली जाते. ९ जून २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा आडून केलेल्या जाहिरातीची व्याख्या करून ती मनाई केलेली आहे. तक्रार करायला दिल्ली गाठायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या १७ व्या कलमाखाली ती जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. महामार्गावरचं होर्डिंग, रंकाळ्यावरच्या कार्यक्रमाचा फलक, कुस्ती मैदानाचा प्रायोजक: फोटो, तारीख, जागा, ब्रँडचं नाव, आणि त्या नावाचं मूळ उत्पादन दारू आहे याचा पुरावा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

बाटलीवरच्या इशाऱ्याचंही बघा. २०१९ पासून तो सक्तीचा आहे, आणि राज्यानं ठरवलं तर स्थानिक भाषेत छापता येतो. मराठीत, मोठ्या टायपात, कर्करोगाचा स्पष्ट उल्लेख असलेला इशारा ही मागणी कोल्हापुरातून का जाऊ नये? अल्कोहोल माणसात कर्करोग घडवतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच नोंदवलंय.

घाटापलीकडची बाटली

राष्ट्रीय धोरणाच्या चर्चेत कोल्हापूरनं बोलायलाच हवं असा मुद्दा हा. गोव्यात शुल्क कमी, म्हणून दारू स्वस्त. तिथं वयाची अट २१, इथं बिअर-वाईन सोडली तर २५. एक घाट उतरला की कायदा बदलतो. चंदगड, आजरा, गगनबावडा, राधानगरीकडच्या रस्त्यांवर गोवा बनावटीची दारू पकडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. १० जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पट केलं, देशीवरचं प्रूफ लिटरमागं (अल्कोहोलच्या प्रमाणावर मोजलेल्या लिटरमागं) १८० वरून २०५ रुपये केलं. त्यातून १४,००० कोटी रुपये जादा महसूल अपेक्षित धरला. कर वाढला हे आरोग्याच्या दृष्टीनं चांगलंच. पण निर्णय महसूल वाढवण्यासाठी नेमलेल्या अभ्यासगटाच्या शिफारशींवर झाला, आणि शेजारच्या राज्याशी दराची दरी वाढली की तस्करीची कमाईही वाढते.

एकट्या महाराष्ट्राला यावर काही करता येत नाही. राज्याराज्यांत किमान शुल्काची पातळी, एकसारखं वय, सीमेवर बाटलीचा मागोवा घेणारी सामाईक यंत्रणा, या तीन गोष्टी केंद्रानं राज्यांना एकत्र बसवूनच होतील. तुमच्याकडे सीमाभागातल्या जप्तीचे पाच वर्षांचे आकडे, तालुकानिहाय आणि घाटनिहाय, असतील तर दिल्लीतल्या कुठल्याही तज्ज्ञापेक्षा तुमचं म्हणणं वजनदार ठरेल. सीमेवरच्या सावंतवाडी, बेळगावकडच्या संघटनांना यात घ्या.

त्याच १४,००० कोटींवरून दुसरी मागणी: यातला ठरावीक हिस्सा उपचारासाठी राखून ठेवा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी होते, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. या आकड्याशेजारी सीपीआरमधल्या रिक्त पदांचा तुमचा आकडा ठेवा.

वर पोचवायचं कसं

खालचा ठराव वर जाऊ शकतो, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं तो आदर्श धरून परिपत्रक काढलं. ठराव नेमका होता. काय बंद करायचं ते त्यात लिहिलं होतं. दारूच्या बाबतीत ‘गाव व्यसनमुक्त करण्याचा संकल्प’ असे ठराव ढिगानं झालेत. त्यांचं पुढं काही होत नाही. त्याऐवजी ‘या गावाच्या हद्दीत परवाना स्थलांतरास आमचा विरोध आहे, आणि स्थलांतरापूर्वी महिला सभेचं इतिवृत्त सक्तीचं करण्याचा नियम राज्यानं करावा’ असा ठराव एकाच मजकुरात पन्नास गावांनी केला तर त्याची फाईल होते.

आमदारांना भेटताना हार-तुरे नकोत, तयार प्रश्न द्या. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, मसुदा चार ओळींचा, सोबत माहिती अधिकारातली उत्तरं. जिल्ह्यात दहा विधानसभा मतदारसंघ आहेत. एकाच विषयावर तीन वेगळ्या पक्षांच्या आमदारांनी प्रश्न विचारला तर खात्याला टाळता येत नाही. नियमांचे मसुदे निघतात तेव्हा हरकती-सूचनांची मुदत असते, तीवर नजर ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला होता. विरोध झाला, हरकती मागवल्या गेल्या, आणि तो निर्णय अमलात आला नाही. हरकत पोस्टकार्डवरची असली तरी नोंदवावी लागते.

संसदेसाठी कोल्हापूर आणि हातकणंगले असे दोन खासदार आपल्याकडे आहेत. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे तुमचा कागद त्यांच्याकडे महिनाभर आधी हवा. लोकसभेच्या याचिका समितीकडे नागरिकांची याचिका जाऊ शकते. तीवर खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार विधेयकांचे मसुदे तीस दिवस लोकांसमोर ठेवायचे असतात.

कोर्टाची वाट शेवटची, पण आता जवळची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात सुरू आहे. जनहित याचिकेसाठी मुंबईचा खर्च राहिला नाही. तरी एक इशारा. चंदीगडच्या ‘अराइव्ह सेफ’ या संस्थेनं, स्वतः अपघातात जायबंदी झालेल्या हरमन सिद्धू यांच्या पुढाकारानं, महामार्गावरच्या दुकानांविरुद्ध लढा दिला आणि डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५०० मीटरची बंदी घातली. मार्च २०१७ मध्ये २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या भागांसाठी ते अंतर २२० मीटर झालं, जुलैमध्ये शहरी हद्दींना सूट मिळाली. निकाल लागला त्या दिवशी गट घरी गेला, तर दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी कामाला लागते.

वेळापत्रकाचं शेवटी. ग्रामसभेचे ठरलेले दिवस २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला, म्हणून त्यासाठीचा ठराव २ ऑक्टोबरलाच हवा. त्या ठरावाला लागणारी माहिती अपिलासकट मिळवायची तर पहिला अर्ज मे-जूनमध्ये पडला पाहिजे. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तिथं जाताना आधीच्या तक्रारीची पोच, तिचा क्रमांक आणि ग्रामसभा ठरावाची शिक्क्याची प्रत बरोबर ठेवा, आणि प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स घरी.